घरातली बैठक: माइक नको म्हटलं की बाकीचं ठरत जातं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरला जनकगंजात जुना वाडा आहे, मधला दिवाणखाना 22 बाय 14 फुटांचा. तुम्ही दोघं पुण्याहून कायमचे परत आलात आणि दर महिन्याला तिथे गाण्याची छोटी बैठक करावी असं मनात आहे. जमलं तर कविता, चित्रं, कीर्तन असंही काही. माणसं किती बोलवावीत, साउंड सिस्टिम कोणती घ्यावी, तिकीट लावावं का, परवानगी लागते का आणि कलाकार कुठून आणावेत, असे पाच प्रश्न.

मी इथेच, शहराच्या लष्कर भागात, आमच्या वाड्याच्या माडीवर, वीस-बावीस वर्षं हा उद्योग करते आहे. गाणं शिकले, पण चारचौघांत बसून गावं इतकं ते कधी आलं नाही. बँकेतली नोकरी सांभाळून दुसऱ्यांना गायला बसवलं, एवढीच माझी पात्रता. तेव्हा उत्तर लांबेल आणि त्यात माझ्या चुकाही बऱ्याच येतील.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे चारही त्याच्या पोटात आहेत. साउंड सिस्टिम कोणतीच घेऊ नका. माइक नको, स्पीकर नको, 'फक्त निवेदनापुरता एक' तोही नको. हे एकदा ठरवलंत की माणसं किती, बसवायची कुठे, पंखा लावायचा की नाही, कोणाला गायला बोलवायचं, शेजारी काय म्हणतील, पैसे किती लागतील, सगळ्याची उत्तरं त्यातून निघत जातात. उलट माइक आला की प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ठरवावी लागते, आणि मग ती घरातली बैठक राहत नाही, छोट्या जागेत कोंबलेली मोठी मैफल होते.

पहिल्या वर्षी ही चूक मी केली आहे. एका मंडपवाल्याकडून दोन स्पीकर भाड्याने आणले. आमची माडी तुमच्या दिवाणखान्यापेक्षाही लहान. डग्ग्यावर पहिली थाप पडली आणि कपाटातली भांडी वाजली. मग शिट्टी. मग 'आवाज कमी करा', 'तबला कमी करा', 'आता गाणं ऐकू येत नाही'. अर्धा तास यातच गेला. गाणाऱ्या बाईंनी शेवटी माइक स्वतःच बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, आता गाते. पुढचा दीड तास जे झालं, ते ऐकल्यापासून आमच्या घरात माइक आलेला नाही.

आपण ज्या गावात राहतो तिथली गायकी तर अशीच घडलेली. ती घडवणारे हद्दू खाँ 1875 मध्ये गेले. तेव्हा कुठला ध्वनिवर्धक? ग्वाल्हेरचा आवाज मोकळा, खुला लावायचा आवाज आहे, तो खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत स्वतःच्या जोरावर जातो. आणि टप्पा, तो भरभर बारीक तानांचा गाण्याचा प्रकार! मोठ्या सभागृहात टप्प्याचे दाणे एकमेकांवर सांडतात, घोळ ऐकू येतो. पंधरा फुटांवरून ऐका, प्रत्येक दाणा सुटा मिळतो. तंबोऱ्याची जवारी (तारेची ती गुंजन करणारी झार), गवयाने तानेआधी घेतलेला श्वास, साथीदाराने हळूच म्हटलेलं 'क्या बात है', हे स्पीकरमधून येतच नाही.

आता खोली. रिकाम्या दिवाणखान्यात मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. आपल्याकडच्या वाड्यांना दगडी फरशी, दगडी भिंती आणि वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी लाद्यांचं, छत. टाळी बहुधा 'टर्रर्र' करून परत येईल. दोन समोरासमोरच्या कठीण भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहतो, तो हा. यावर महाग उपाय शोधू नका. जमिनीवर सतरंज्या (इथे दरी म्हणतात, तुम्हालाही लवकरच सवय होईल), गाणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या किंवा रजया टांगा, एखादं पुस्तकांचं उघडं कपाट बाजूच्या भिंतीला. पुन्हा टाळी वाजवा. माणसं बसली की आणखी फरक पडतो, कारण माणूस म्हणजे कपड्यांचं गाठोडंच. हिवाळ्यात शाली-स्वेटरांसकट तर फारच. म्हणून रिकाम्या खोलीत थोडा आवाज घुमला तरी घाबरू नका. उलट उत्साहाच्या भरात चारही भिंती गोधड्यांनी झाकल्यात, तर खोली मेल्यासारखी होते, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही आणि तो जोर लावून लावून थकतो. त्याच्या पाठीमागची भिंत उघडीच ठेवा. ती दगडी भिंत हाच तुमचा स्पीकर.

माणसांचा हिशेब सोपा आहे. तुमची खोली 308 चौरस फूट. कलाकारांना 8 बाय 7, म्हणजे 56 गेले. एका भिंतीला लागून दोन फुटांची वाट मोकळी ठेवायचीच, ते 44. उरले 208. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला अडीच फूट बाय अडीच फूट लागतं; त्याहून कमी दिलंत तर पाऊण तासात गुडघे शेजाऱ्याच्या बरगडीत जातात. 208 भागिले सव्वासहा, म्हणजे 33. पस्तीस म्हणा. 'अजून पाचजण येतायत' असा फोन येईल तेव्हा हा आकडा आठवा आणि नाही म्हणायला शिका. मला ते शिकायला चार वर्षं लागली. आत्येसासूबाईंना नाही म्हणायला सहा.

खुर्च्या लागतातच. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली माणसं हीच आपली सगळ्यात जाणकार श्रोतेमंडळी असतात. खुर्च्या नेहमी मागच्या भिंतीला, कधीही पुढे नाही. पुढे ठेवल्या की जमिनीवर बसलेल्यांना गवयाऐवजी पाठी दिसतात, आणि वर 'पुढची खुर्ची कोणाची' हा मानापमानाचा प्रयोग सुरू होतो. जमिनीवर सगळे सारखे.

कलाकारांसाठी तखत मांडणार असाल तर एक सांगते. पोकळ लाकडी तखत म्हणजे स्वतःच एक वाद्य आहे. डग्ग्याचा आवाज त्यात शिरून दुप्पट होतो आणि माइक नसलेल्या खोलीत तबला गाण्यावर चढतो. तखतावर आधी घोंगडी, मग गादी, मग चादर. तरी चढलाच तर तबलजीला तखतावरून उतरवून शेजारी सतरंजीवर बसवायचं. त्यात त्याचा अपमान नाही, पण आधी बोलून घ्या. ऐनवेळी सांगितलंत तर त्याला तो वाटू शकतो. तखताची उंची वीतभर पुरे. आमच्याकडे आता तखत नाहीच, नुसती दुपदरी गादी, आणि पहिली रांग चार फुटांवर.

पट्टी, म्हणजे गाणारा आपला 'सा' पेटीच्या कुठल्या सुरावर धरतो ते, आधी विचारा. हे लिहायला साधं वाटतं, पण माझ्या सगळ्यात लाजिरवाण्या संध्याकाळचं कारण हेच. गायिका काळी पाचमध्ये गाणारी, तबलजी आला तो काळी एकचा लहान तोंडाचा टीपेचा तबला घेऊन. एकाच तबल्यावर दोन्ही पट्ट्या बसत नाहीत. हातोडीने गट्टे ठोकून ठोकून काय होणार? दुसरा तबला स्कूटरवरून येईपर्यंत पन्नास मिनिटं लोकांनी चहा प्यायला. आता माझ्याकडे एक वही आहे, कलाकाराचं नाव, पट्टी, उजवीकडे-डावीकडे कोण बसणार, तंबोरे एक की दोन, खायला काय चालतं. तंबोऱ्यांच्या जोडीत एक पुरुषी पट्टीचा आणि एक बायकांच्या पट्टीचा घरात असावा. मोबाइलमधला तंबोरा हल्ली सगळ्यांच्या खिशात असतो, पण त्याला स्पीकर लागतो आणि तुम्ही तर स्पीकर आणणार नाही आहात. लाकडी तंबोरे खोळीतून काढून त्याच खोलीत दोन-तीन तास आधी उभे करा, म्हणजे खोलीच्या हवेला रुळतात. थंड खोलीतून गरम खोलीत आणलेला तंबोरा दर दहा मिनिटांनी उतरतो.

हवा म्हणाले, तर ग्वाल्हेरच्या हवेवर स्वतंत्र बोलायला हवं, कारण वर्षाचं वेळापत्रक ती ठरवते, आपण नाही.

डिसेंबर-जानेवारीत धुकं. दिल्लीकडून येणारी गाडी दोन तास उशिरा की सहा, कोणी सांगू शकत नाही. या दोन महिन्यांत बाहेरगावचा कलाकार ठरवूच नका, किंवा आदल्या दिवशी बोलवा. थंडीत दारं-खिडक्या बंद होतात, रस्त्याचा आवाज थांबतो, ऐकायला हे दिवस सोन्यासारखे. पण कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. तीस-पस्तीस माणसं, बंद दारं आणि पेटती शेगडी म्हणजे विषारी वायूला आमंत्रण. विजेचा हीटर दुपारभर लावून खोली गरम करा आणि लोक यायच्या आधी बंद करा. एवढी माणसं बसली की खोली आपोआप उबदार राहते. हीटर तबल्याजवळ नको. कोरड्या गरम हवेत तबल्याचं कातडं ताणलं जातं आणि स्वर चढतो.

पावसाळ्यात याच्या उलट. ओल धरली की कातडं सैल, स्वर खाली. मल्हार ऐकायचा हौसेचा महिना आणि तबला भिजल्या भाकरीसारखा. तबला कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी बाहेर काढायचा. वीज जाते, पण आपल्याला काय! बॅटरीचे दोन दिवे कोपऱ्यात तयार ठेवा. आमच्याकडे अख्खा गौड मल्हार अंधारात झाला आहे. कोणी उठलं नाही, कारण जिना दिसत नव्हता.

मे-जूनमध्ये संध्याकाळी बैठक करायचा हट्ट सोडा. पारा 45 च्या पुढे जातो, भिंती रात्री दहापर्यंत भट्टीसारख्या असतात, आणि पंखा लावला की माइकविना गाणं पंख्याखाली सापडतं. कूलर तर बोलायलाच नको. आम्ही उन्हाळ्यात पहाटे बसतो. सहाला सुरू, आठच्या आत संपवून लोक घरी. आणि इथे एक अनपेक्षित लाभ झाला. संध्याकाळच्या बैठकांत वर्षभर लोक यमन, पूरिया, बिहाग हेच ऐकत होते. दहाच्या आत संपवायचं म्हणजे मालकंस-दरबारी या उशिरा रात्रीच्या रागांची वेळच येत नाही, आणि सकाळचे राग तर कुठल्याच कार्यक्रमात वाट्याला येत नाहीत. उन्हाळ्याच्या पहाटे भैरव, रामकली, विभास त्यांच्या वेळेला ऐकायला मिळाले. आमच्या मंडळींपैकी कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा कोवळ्या उन्हात भैरव ऐकला, आणि तोही दात घासून तसेच येऊन. तुम्ही वर्षात एवढी एक गोष्ट केलीत तरी पुष्कळ.

त्या दहा वाजण्याबद्दल. केंद्राचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र मानतात; निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ते निर्बंध भोंग्यापुरते नाहीत, वाद्यांचाही त्यात उल्लेख आहे. शिवाय मध्य प्रदेशचा 1985 चा कोलाहल नियंत्रण कायदा आहे. म्हणजे माइक नसला तरी साडेनऊला भैरवी आणि दहाला दारं बंद, हा आमचा नियम. घरात, ओळखीची बोलावलेली माणसं, भोंगा नाही, अशा बैठकीसाठी आम्हाला आजवर कुठली परवानगी काढावी लागलेली नाही. जाहिरात करून तिकिटं विकू लागलात की तो सार्वजनिक कार्यक्रम होतो आणि मग पालिका-पोलीस ठाणं इथे आधी विचारून घेणं भाग आहे.

शेजाऱ्यांना मात्र कायद्याआधी सांगा. चारही बाजूंच्या घरी स्वतः जाऊन, तारीख सांगून, 'या' म्हणून. येणार नाहीत, पण बोलावलं होतं हे लक्षात राहतं. आमच्या मागच्या गल्लीतले दोघेतिघे वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅलरीत खुर्ची टाकून ऐकतात, वर येत नाहीत. आपल्या गावाला हे नवीन नाही. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात हस्सू-हद्दू या भावांनी तिथले गवई बडे मोहम्मद खाँ यांचं गाणं लपून ऐकून ऐकून उचललं, अशी गोष्ट सांगतात. गॅलरीतल्यांना चहा पाठवते मी.

कोजागिरीला गच्चीवर बसायचा मोह सगळ्यांना होतो, तुम्हालाही होईल. करा, पण उघड्यावर आवाजाला भिंत नसते, तो वर निघून जातो. जिन्याच्या खोलीची भिंत गाणाऱ्याच्या पाठीशी घ्या, माणसं अर्धवर्तुळात अगदी जवळ बसवा आणि संख्या पंचवीसवर आणा. साडेआठनंतर दव पडू लागतं, तबला उतरतो. त्यामुळे सातला सुरू करून नऊच्या सुमारास संपवा आणि मग दूध आटवत बसा हवं तितकं. चंद्र तोपर्यंत चांगला वर आलेला असतो. उघडी गच्ची ही बंद जागा नाही, म्हणून दहाची मर्यादा तिथे जास्तच पाळायची.

पैसे. लोक याबद्दल कुजबुजत बोलतात, म्हणून मी स्पष्ट लिहिते. कलाकाराला बिदागी द्यायचीच. 'घरचीच बैठक आहे', 'जाणकार ऐकायला येतायत', 'तुमचीही प्रसिद्धी होईल' ही तिन्ही वाक्यं मी स्वतः पूर्वी वापरली आहेत आणि आता आठवलं की अंगावर काटा येतो. तीस माणसांनी 250 रुपये दिले तर साडेसात हजार होतात. पाच विद्यार्थी फुकट. त्यातले चार हजार गाणाऱ्याला, दोन तबल्याला, हजार पेटीला, पाचशे चहापाण्याला. तरुण स्थानिक कलाकारासाठी हे आमचं गणित, आणि आकडा फोनवरच सांगायचा, आधी. पाकीट गाण्याआधी हातात द्यायचं. गाणं संपल्यावर दिलं की दोघंही अवघडतात आणि त्या अवघडलेपणात साथीदार हमखास विसरले जातात. साथीदारांची पाकिटं वेगळी, त्यांच्या त्यांच्या हातात.

तिकीट म्हणू नका, वर्गणी म्हणा. आणि बैठकीच्या दिवशी दारात डबा घेऊन उभं राहण्यापेक्षा सहा महिन्यांची एकदम घ्या. ज्याने सहा महिन्यांचे भरले आहेत तो पावसातही येतो. दारात डबा ठेवला की देणाऱ्याला आपण किती टाकतो हे कोणी पाहतंय असं वाटतं, आणि कोणी न पाहता टाकलेल्या डब्यात काय निघतं तेही मी मोजलं आहे.

प्रायोजक येतील. पतपेढीवाले, मिठाईवाले, निवडणुकीच्या वर्षी आणखी कोणी. एका वर्षी मी एकाला हो म्हटलं. मागे फलक, पुढे सत्कार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, त्यावर दोन शब्द, त्यावर आणखी दोन शब्द. मारवा हा मावळतीचा राग, तो ज्या वेळेला गायचा त्या वेळी नारळ फोडला जात होता. गवयाने शांतपणे राग बदलला. फलक लावायला भिंत दिली की ती भिंत आपली राहत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

कलाकार कुठून? गावातून. 1914 मध्ये सुरू झालेलं शंकर गांधर्व महाविद्यालय इथे, 1918 चं माधव संगीत महाविद्यालय इथे, 2008 पासून राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत आणि कला विद्यापीठ इथे. दरवर्षी किती मुलं-मुली तिथून शिकून बाहेर पडतात आणि परीक्षकाखेरीज कोणासमोर गायलेलीच नसतात. युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, आनंदच आहे. पण त्या मुलांना तीस माणसांसमोर बसवणारी खोली त्याने मिळत नाही, ती तुमच्या-माझ्यासारख्यांनी द्यायची. आमचा क्रम असा: आधी पाऊण तास एक विद्यार्थी, मग चहा, मग सव्वा तास मुख्य कलाकार. विद्यार्थ्याला 'सुरुवातीला थोडंसं' असं म्हणून बसवू नका. त्याला एक अख्खा राग द्या, विलंबित-द्रुतसकट. आणि त्याच्या गुरुजींना पहिल्या रांगेत बसवू नका, पोर घाबरतं. मागे खुर्ची द्या.

बाहेरगावचे कलाकार परवडतात, पण स्वतंत्र बोलावून नाही. आपण दिल्ली-भोपाळच्या मुख्य मार्गावर आहोत, हे भाग्य वापरा. भोपाळला कार्यक्रम करून दिल्लीला परतणारा एखादा सतारिया एक रात्र उतरायला तयार होतो, घरचं जेवण आणि लहान खोली या दोन गोष्टींवर. डिसेंबरात तानसेन समारोह असतो तेव्हा मात्र बैठक ठेवूच नका. त्या आठवड्यात समाधीवर सकाळी हरिकथा आणि मिलाद शेजारी-शेजारी ऐकायला जायचं की घरी पोहे करत बसायचं?

किमान किती हवेत, हेही ठरवा. एका श्रावणात तुफान पाऊस, सातजण आले. अशा वेळी फार रंगतं, असं लोक सांगतात. आमच्याकडे नाही रंगलं. गवई रिकाम्या सतरंजीकडे बघत चाळीस मिनिटं गायला आणि उठला. त्याची चूक नव्हती. तेव्हापासून बैठकीच्या सकाळी मी स्वतः वीस फोन करते. संदेश नाही, फोन. संदेशाला लोक अंगठा दाखवतात आणि येत नाहीत.

खाणंपिणं मध्यंतरात, गाणं चालू असताना काहीही नाही. चहा कुल्हडात द्या. कपबशी वाजते, स्टीलचा पेला तर घंटेसारखा. हिवाळ्यात मुरैन्याची गजक छान, पण मध्यंतरातच संपेल एवढीच ठेवा, कारण तिचा कुरकुर आवाज आलापीत तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत पोचतो. माइक नसलेल्या खोलीत बारीकसारीक आवाजही ऐकू येतो, म्हणून फ्रिज बंद, इन्व्हर्टरचा गूंऽऽ बंद, जुनी ट्यूबलाइट बंद. तिची गुणगुण तंबोऱ्याशी भांडते, एका बैठकीला आमच्या पेटीवाल्यांनी ती ऐकून स्वर सांगितला होता. चपला जिन्याखाली, जिन्यावर नाहीत. बायकांसाठी न्हाणीघराचा रस्ता कलाकारांच्या पुढून जात नाही ना ते पाहा. जात असेल तर मांडणीच फिरवा.

गाण्याचं ध्वनिमुद्रण करू नका, करायचं तर कलाकाराला आधी विचारा. हा शिष्टाचार तर आहेच, पण 1994 पासून आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क मान्य आहे. पारंपरिक बंदिशींचा प्रश्न नसतो. नाट्यपदं, भावगीतं, अलीकडच्या रचनाकारांच्या बंदिशी यांवर रचनाकार गेल्यापासून 60 वर्षं हक्क असतो. वर्गणी घेऊन अशा गाण्यांचाच कार्यक्रम करायचा झाला तर परवान्याची चौकशी करा.

आता कविता, चित्रं, कीर्तन. कीर्तन सगळ्यात आधी करा, कारण ते तुमच्या खोलीसाठीच जन्मलेलं आहे. एक माणूस, झांजा, पेटी-तबला, आणि आवाज मुळातच भोंग्याविना पोचवायची सवय. ढोलीबुवांच्या मठामुळे आपल्या गावाला कीर्तन ऐकायची जी सवय आहे ती पुण्यातही आता मिळायची नाही. गाण्याला न येणारे आजोबा कीर्तनाला येतात, आणि पुढच्या महिन्यात 'आता काय आहे' म्हणून स्वतःच विचारतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जोडून बायकांची गाणी ठेवा. डाळ-पन्ह्याला आलेल्या साठ जणींतल्या पंधरा नंतरही येत राहतात.

चित्रांचं म्हणाल तर भिंतीवर खिळे मारून प्रदर्शन लावू नका, आवाजाची मांडणी बिघडते आणि कोणी बघतही नाही. लष्करात चितेरा ओळी आहे, लग्नघरांच्या भिंती रंगवणाऱ्या चितेऱ्यांची. त्या हाताच्या एखाद्या कलाकाराला दुपारी बोलावून तुमच्या चौकातली एक भिंत रंगवायला द्या आणि मुलांना भोवती बसू द्या. संध्याकाळी गाणं. मजुरी रोजची असेल ती, कलेच्या नावाखाली घासाघीस नको. कवितावाचनाबद्दल माझं मत चांगलं नाही. वाचणारे बारा आणि ऐकणारेही तेच बारा, असं दोनदा झालं. तुम्हाला जमलं तर मला बोलवा.

पहिली बैठक लगेच ठरवू नका. आमची दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. तीन महिने नुसते या. गाणं ऐकू नका असं म्हणत नाही, पण मागे दाराशी बसा आणि कोण कधी उठतं, का उठतं, ते बघा. कोणाला खोकला येतो, कोण मोबाइल उलटा ठेवतो, समेवर कोणाची मान हलते आणि कोण मान हलवणाऱ्याकडे पाहून हलवतं. तुमची पहिली पस्तीस नावं त्यातूनच निघतील. सतरंज्या विकत घेऊ नका, आमच्याकडे चार जास्तीच्या आहेत, त्या घेऊन जा. फक्त परत करताना झटकून आणि उन्हात टाकून आणा. गेल्या वेळी एकाने नेलेल्यांत गजकेचे तीळ निघाले, अजून निघताहेत.